घरातले कासव : कातडी, कवच आणि त्याचा कोपरा

देवळात पाऊल टाकले की गाभाऱ्यासमोरच्या फरशीत कोरलेले कासव आधी भेटते. आपण त्याला हात लावून नमस्कार करतो आणि पुढे जातो. त्याचे पाणी बदलावे लागत नाही, त्याला खाऊ घालावे लागत नाही, की पावसाळ्यात ते आजारी पडत नाही. घरात आलेल्या जिवंत कासवाचे मात्र तसे नसते. ते मुलांच्या हट्टाने येते, चार दिवस सगळ्यांच्या कौतुकात राहते आणि पाचव्या दिवसापासून आईच्या वाट्याला येते. कासव आणणारे हात वेगळे आणि पाणी बदलणारे हात वेगळे, हा घरोघरचा अनुभव! म्हणूनच हा लेख घरच्या गृहिणीसाठी.

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात हा प्रश्न अधिकच येतो. एका बाजूला उल्हास आणि पेज, दुसऱ्या बाजूला पाताळगंगा. वीजनिर्मिती करून सुटलेले पाणी भिवपुरीहून आणि खोपोलीहून या नद्यांना मिळते, त्यामुळे भर उन्हाळ्यातही त्या वाहत्या राहतात. राजनाल्याच्या पाण्यावर उन्हाळी भातही होतो. अशा पाणथळ मुलखात कासवे असायचीच. शिवाय मुंबई गाडीने दोन तासांवर. तिथल्या मासेविक्रीच्या दुकानातून प्लॅस्टिकच्या डबीत बसून कासवाचे पिल्लू कधी घरी पोहोचते, कळतही नाही.

आधी ओळख पटवा

"ताई, कासव ते कासव, त्यात काय ओळखायचं?" असे कुणी म्हणेल. पण निम्मी काळजी या ओळखीतच आहे. आपल्याकडे घरात येणारी कासवे साधारण चार प्रकारची.

पहिले, चिखलातले मऊ पाठीचे कासव. पहिल्या पावसानंतर ते भातखाचरात, ओढ्याकाठी, कधी रस्त्यावरही दिसते. उन्हाळाभर ते मातीत गाडून घेऊन पडलेले असते आणि पाऊस झाला की बाहेर निघते. याच्या पाठीवर टणक खवले नसतात, कवचावर कातडीच असते. दुसरे, चांदणी कासव. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या उमटलेले, दिसायला अतिशय देखणे. हे आपल्या कोकणातले नव्हेच. गुजरात-राजस्थानकडच्या कोरड्या भागातले आणि दक्षिणेकडच्या झुडुपी रानांतले ते जनावर आहे.

ही दोन्ही कासवे घरात ठेवणे हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशातल्या रानटी कासवांना संरक्षण दिले आहे. २०२२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि आता ही दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड. चांदणी कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ पासून बंदी आहे. "आम्ही विकत घेतलं नाही, कुणी भेट दिलं," ही सबब चालत नाही.

तिसरे, दुकानात मिळणारे हिरवे पिल्लू. डोळ्यामागे लाल पट्टा असतो, म्हणून त्याला लाल कानाचे कासव म्हणतात. ते मूळचे अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. चौथे, आफ्रिकेतले सल्काटा. हे जमिनीवरचे कासव मुठीएवढे असताना विकले जाते आणि वाढत वाढत चाळीस-पन्नास किलोचे होते! खोपोलीच्या दोन खोल्यांत त्याला कुठे ठेवणार? शिवाय सल्काटासारख्या परदेशी प्राण्यांची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. नोंदीचे कागद दाखवत नसेल त्या विक्रेत्याकडून काहीही घेऊ नये.

मुलाने शेतातून मऊ पाठीचे कासव आणले असेल, ते ताजे आणि धडधाकट असेल, तर त्याच संध्याकाळी, जिथून आणले तिथेच सोडून यावे. दुसऱ्या तळ्यात नको, विहिरीत नको. जखमी असेल किंवा बरेच दिवस घरात राहिले असेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवावे. याची कातडी सिमेंटच्या टाकीत घासून सोलते आणि त्यावर बुरशी धरते. ते घरात जगवणे हे कौतुकाचे काम नाही, त्याला त्याचे पाणी परत देणे हेच खरे.

आणखी एक गोष्ट. "वीस नखांचं कासव घरात असलं की पैसा येतो," असे सांगत फिरणारे लोक आहेत. या एका भोळ्या समजुतीपायी असंख्य कासवे पोत्यांत कोंबून विकली जातात. लक्ष्मी यायची तर ती कष्टाने येते. शुभ म्हणून हवेच असेल तर देवघरात पितळी कासव ठेवावे. ते घासूनही चकाकते आणि पोलीसही दाराशी येत नाहीत.

टब नव्हे, टाकी हवी

आता उरले लाल कानाचे कासव. घरात आलेच आहे, मुलांना लळा लागलाच आहे, तर त्याचे नीट करावे. पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी की आज रुपयाएवढे दिसणारे हे पिल्लू, मादी असेल तर पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळले तर वीस-तीस वर्षे जगते. म्हणजे आज पहिलीत असलेल्या मुलाचे लग्न होईल, तेव्हाही ते असेल. दुकानातली ती डबी, त्यातले प्लॅस्टिकचे नारळाचे झाड, हे सारे चार दिवसांचे.

साधा हिशेब असा, की कवचाच्या दर सेंटिमीटर लांबीला सुमारे पंधरा लिटर पाणी. दहा सेंटिमीटरच्या कासवाला दीडशे लिटर, वीस सेंटिमीटरच्याला तीनशे, म्हणजे आपले दीड पिंप. पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या दीड-दोन पट तरी असावी. पाण्याबाहेर पूर्ण कोरडे होऊन बसता येईल असा ओटा हवाच. सपाट दगड किंवा खडबडीत फळी उतरती बसवली तरी चालते, पण ती हलता कामा नये. खाली अडकून कासव बुडते. होय, कासवही बुडते, कारण त्याला फुप्फुसे असतात, कल्ले नसतात. तळाला बारीक खडी घालू नये, ती ते गिळते.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जावा म्हणून पाणी रात्रभर बादलीत उघडे ठेवून मग घालावे. लहान टाकीत दर दोन-तीन दिवसांनी आणि गाळणी म्हणजे फिल्टर असेल तर आठवड्याला निम्मे पाणी बदलावे. गाळणी असली म्हणजे पाणी बदलायला नको, असे नव्हे. कासव मासोळीपेक्षा कितीतरी जास्त घाण करते. टाकीला वास येऊ लागला की समजावे, उशीर झाला आहे.

ऊन : विकत न मिळणारे औषध

कासवाचे हाड आणि कवच उन्हावर घडते. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याशिवाय खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. कवच मऊ पडते, कडा वर वळतात, पाय थरथरतात. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन मात्र या कामाचे नाही. काच ही किरणे अडवते. म्हणून सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास अर्धा तास त्याला प्लॅस्टिकच्या पसरट टबात थोड्या पाण्यासह अंगणात किंवा गच्चीत ठेवावे. अर्ध्या टबावर फळी टाकून सावली करावी. काचेची टाकीच उचलून उन्हात ठेवणे म्हणजे कासव शिजवणे. एप्रिल-मे महिन्यात कर्जतचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा तर पाच मिनिटेही धोक्याची. टबाजवळ कुणीतरी बसावे. कावळा, मांजर, मुंगूस, कुत्रा, सगळेच टपलेले असतात.

आणि पावसाळा? आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात सूर्याचे दर्शन आठ-आठ दिवस नाही. त्या चार महिन्यांसाठी सरपटणाऱ्या प्राण्यांकरता मिळणारी यूव्हीबी नळी ओट्यावर बसवावी, दिवसाला दहा-बारा तास चालू ठेवावी. साधी ट्यूबलाइट किंवा एलईडी दिवा हे काम करीत नाही. ही नळी दिसायला उजळ राहिली तरी सहा महिने ते वर्षभरात तिची शक्ती संपते. बसवल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवावी. ओट्यावर ३० ते ३२ अंश आणि पाण्यात २४ ते २७ अंश उष्णता असावी. एक साधा तापमापक टाकीत कायम ठेवला की अंदाजाने चालायला नको. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा वाढला आणि कासवाने खाणे सोडले, तर "ते झोपतंय" म्हणून सोडून देऊ नये. पाणी कोमट राखायला हवे.

कातडी निघते, घाबरू नका

वाचकभगिनींचा सगळ्यात मोठा धसका हाच. "अहो, कासवाची कातडी सोलून पाण्यात तरंगतेय!" पाण्यातले कासव वाढताना त्याच्या मानेची, पायांची पातळ, पारदर्शक कात धाग्याधाग्यांनी सुटते. पाठीवरचे खवलेही अभ्रकाच्या पापुद्र्यासारखे एकेक निघतात. खाली नवा, चकचकीत खवला दिसला तर सगळे ठीक. तो पापुद्रा नखाने ओढून काढू नये. जमिनीवरच्या कासवाचे खवले मात्र असे गळत नाहीत. सल्काटाच्या पाठीचे खवले सुटू लागले, तर ते दुखणेच समजावे.

मग खरे दुखणे कसे ओळखावे? अंगावर कापसासारखा पांढरा तंतू दिसला तर ती बुरशी. कातडी लाल होऊन सुजली, खालचा मांसल भाग उघडा पडला, कवचावर मऊ खड्डा पडला, त्यातून वास आला, तर कवच सडत आहे. बोअरचे पाणी असेल तर कवचावर चुन्याचे पांढरे डाग धरतात. ते ओले केले की दिसेनासे होतात आणि वाळले की पुन्हा दिसतात. तो आजार नाही. हिरवे शेवाळ धरले तर मऊ टूथब्रशने साध्या पाण्याने हलकेच पुसावे. साबण, शाम्पू, डेटॉल, काही नको.

आणि आपले घरगुती उपाय? इथे मात्र हात आवरावा. खोबरेल तेल चोळल्याने कवच चमकते खरे, पण त्यावर धूळ व जंतू चिकटून बसतात आणि खालचा ओलावा कोंडतो. हळदीचा लेप पाण्यात गेला की नुसते पाणी पिवळे. कुंकू, रांगोळीचे रंग, नेलपॉलिश, सणाला मुलांनी काढलेली नक्षी, हे सगळे वर्ज्य. कवच म्हणजे टोपी नव्हे, त्यात हाड आहे, रक्त आहे, जाणीव आहे. त्याला भोक पाडून दोरी बांधणे म्हणजे आपल्या नखाखाली सुई खुपसणे.

किरकोळ खरचटले असेल तर पोव्हिडोन-आयोडीन पाण्यात घालून कोऱ्या फिक्या चहाच्या रंगाचे करावे, जखमेवर कापसाने लावावे आणि कासवाला दोन-तीन तास उबदार, कोरड्या जागी ठेवून मग पाण्यात सोडावे. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसू देऊ नये. एका रात्रीत अळ्या पडतात. दोन-तीन दिवसांत फरक नसेल किंवा जखम खोल असेल, तर डॉक्टरच.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गायी-म्हशींचा राबता जास्त. तिथे आपण होऊन एक गोष्ट सांगावी, "डॉक्टरसाहेब, कासवाला आयव्हरमेक्टिन देऊ नका." शेळ्या-मेंढ्यांना गोचीड-जंतांवर देतात ते हे औषध कासवाच्या जिवावर बेतते. कासवांचे ज्ञान असलेले डॉक्टर हवे असतील तर परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटीट प्राणी रुग्णालयात चौकशी करावी. कर्जतहून लोकलने जाताना कासवाला पाण्यात नेऊ नये. भोके पाडलेल्या खोक्यात ओलसर फडक्यावर ठेवावे. गाडीच्या हिसक्यांत पाण्यात उलटे पडले तर गुदमरते.

ताटातले काय द्यावे?

भात, पोळी, बिस्कीट, दूध, पनीर, काहीही नाही. दुकानात मिळणारा नुसता सुका झिंगाही रोज नको. नुसत्या त्यावर वाढलेल्या पिल्लाचे डोळे सुजून बंद होतात, कारण अ जीवनसत्त्व कमी पडते. अशा वेळी मेडिकलमधून थेंब आणून मनाने पाजू नयेत. हे जीवनसत्त्व, विशेषतः इंजेक्शनने, जास्त झाले तर कातडी पापुद्र्यांनी सुटून मांस उघडे पडते. कमीचाही त्रास, जास्तीचाही त्रास. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

लहान पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड खाणे. कासवांसाठीच्या गोळ्या, ताजी बिनमिठाची बारीक मासळी काट्यासकट, गांडूळ. मोठे होईल तसा पाला वाढवावा. जास्वंदीची पाने-फुले, तुतीचा पाला चालतो. पालक क्वचितच द्यावा, अळू तर मुळीच नको, त्याची खाज कासवालाही सोसत नाही. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो. तो दुसरेतिसरे काही नसून माकुलाचे हाड आहे. त्याचा तुकडा पाण्यात टाकून ठेवावा. कासव कुरतडते आणि कॅल्शियम मिळते. इतक्या स्वस्तात याहून चांगला खुराक नाही.

नाकातून बुडबुडे येत असतील, तोंड उघडून श्वास घेत असेल, पोहताना एका अंगाला कलत असेल, तर फुप्फुसाचा दाह समजावा. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आपल्या मुलांसाठी

कासव धडधाकट दिसत असले तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. माणसाला त्यांनी जुलाब, उलट्या, ताप येतो. लहान मुले तोंडात बोटे घालतात म्हणून अमेरिकेने १९७५ सालीच चार इंचांहून लहान कासवे विकायला बंदी घातली. घरात पाच वर्षांखालील मूल, गरोदर बाई किंवा फार वृद्ध माणूस असेल, तर कासव न आणणेच शहाणपणाचे. असेलच तर हात लावल्यावर साबणाने हात धुणे हा नियम. टाकी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नये, तिचा ब्रश व बादली वेगळी ठेवावी. टाकीचे पाणी फुलझाडांना उत्तम खत, पण कोथिंबीर-मेथीच्या वाफ्यात घालू नये. कासवाला चुंबन घेणे, जेवणाच्या टेबलावर फिरवणे, हे लाड नकोत.

आता नको झाले, तर?

इथेच खरी कसोटी. कासव मोठे होते, टाकी लहान पडते, मुले बारावीच्या अभ्यासाला लागतात. मग एका रविवारी कुणीतरी म्हणते, "चला, नदीत सोडून येऊ, पुण्य लागेल." ते पुण्य नव्हे. हे परदेशी कासव चिवट असते. आपल्या नदीतल्या कासवांचे अन्न आणि उन्हाला बसायच्या जागा ते बळकावते, सोबत रोगही नेते. जगातल्या शंभर वाईट उपऱ्या जिवांच्या यादीत त्याचे नाव आहे. युरोपने १९९७ साली त्याची आयात थांबवली. केरळात त्रिचूरकडे २०१८ साली ते ओढ्यात सापडले, तेव्हापासून तिथल्या वन संशोधन संस्थेने लोकांकडून अशी कासवे गोळा करण्याची मोहीम घेतली. उल्हासवर, पाताळगंगेवर, आपल्या गावतळ्यांवर ती वेळ का यावी? शेतघराच्या तळ्यात सोडणेही तसेच. पहिल्या पुरात तळे भरून वाहते आणि कासव ओढ्याला लागते. त्यापेक्षा प्राणिकल्याण संस्थेला विचारावे, किंवा ज्याच्याकडे मोठी बंदिस्त टाकी आहे अशा जाणकाराकडे द्यावे.

आणि अजून कासव आणलेच नसेल, तर हट्ट धरून बसलेल्या मुलाला एकच प्रश्न विचारावा. "तू कॉलेजात गेलास की याचं पाणी कोण बदलेल?" उत्तर म्हणून त्याने तुमच्याकडे बोट दाखवले, तर दुकानात न गेलेलेच बरे. त्याऐवजी पहिल्या पावसानंतर बांधावर नेऊन खाचराकडे सरकणारे मऊ पाठीचे कासव त्याला लांबून दाखवावे. गोगलगायी, बेडूकमासे, मेलेली मासळी खाऊन ते आपले पाणी स्वच्छ ठेवते. त्याला ना टाकी लागते, ना दिवा, ना आपली देखभाल. लागते ती एवढीच, की त्याच्या वाटेत कुणी पोते घेऊन उभे राहू नये.